गिरणीच्या जमिनीतले बोल्ट

राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त 2022 साली कोल्हापुरात कृतज्ञता पर्व साजरे झाले, तेव्हा शाहू मिलचे दरवाजे फार वर्षांनी सर्वांसाठी उघडले. मे महिन्यातली ती संध्याकाळ होती. बाहेर उकाडा होता, आत माणसांची दाटी होती, आणि ज्या शेडमध्ये एके काळी कापसाची धूळ तरंगत असे तिथे गुळाचा दमट, गोडसर वास भरून राहिला होता. एका मांडणीपाशी ढेपेचा रंग पाहत मी उभी असताना मागून एका वयस्कर गृहस्थांनी मला सावध केले. ‘ताई, जपून. पायाखाली बोल्ट हाय.’ खाली पाहिले तर गालिच्याला बारीकसा उंचवटा आला होता. त्यांनी चपलेच्या टोकाने गालिच्याची कड दूर सारली. फरशीतून अंगठ्याएवढ्या जाडीचा, गंजलेला, आटे झिजलेला एक लोखंडी बोल्ट दोन बोटे वर आलेला होता. थोड्या अंतरावर दुसरा होता, आणि त्यांच्या समोर तेवढ्याच अंतरावर आणखी दोन. यंत्र जमिनीला जखडून ठेवण्यासाठी जे फाउंडेशन बोल्ट बसवतात, ते हे होते. यंत्र केव्हाच गेले होते आणि त्याला धरून ठेवणारे चौघे मागे राहिले होते. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण कार्यकर्ता धावत आला, त्याने बोल्टवर गोणपाटाची घडी टाकली, गालिचा पुन्हा सारखा केला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘सॉरी काका, उद्या ग्राइंडर आणून कापून टाकतो सगळे.’

त्या मुलाचे काही चुकले नव्हते. एवढ्या गर्दीत एखादी म्हातारी अडखळून पडली असती तर जबाबदारी त्याच्यावरच आली असती. काकाही त्यावर काही बोलले नाहीत. ते बोल्टच्या पलीकडे दोन पावले गेले, भिंतीकडे पाठ करून उभे राहिले, छपराकडे आणि मग डाव्या बाजूच्या खांबाकडे पाहिले, आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, ‘हितं माझी जोडी होती.’ जोडी म्हणजे दोन माग. विणकर दोन मागांच्या मध्ये उभा राहतो आणि पाळीभर या मागाकडून त्या मागाकडे वळत राहतो. मी काही विचारण्याआधीच ते गर्दीत पुढे गेले. गूळ घेऊन मीही घरी आले. पण ‘कापून टाकतो’ हे शब्द पुढे कितीतरी दिवस मनातून जाईनात. जुन्या गिरणीच्या जागेचे काय करायचे, या प्रश्नावर आपण सभा घेतो, आराखडे करतो, निवेदने देतो, आणि त्याचा खरा निर्णय मात्र असा एखाद्या संध्याकाळी, गालिचा सपाट दिसावा म्हणून, कुणीतरी भल्या मनाने घेऊन टाकतो.

आमच्या घराचे या गिरणीशी नाते मामांमुळे होते. मामा वाइंडिंग खात्यात होते. रिंगवर, म्हणजे कातण्याच्या यंत्रावर, तयार झालेले सूत मोठ्या शंकूसारख्या कोनांवर गुंडाळायचे आणि गुंडाळताना त्यातल्या गाठी, जाड जागा, कच्चे टोक काढून टाकायचे, हे त्यांचे काम. रात्रपाळी करून ते सकाळी आमच्याकडे येत, तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि हातांवरच्या केसांत पांढरे तंतू अडकलेले असत आणि आई त्यांना घरात घेण्याआधी अंगणात उभे करून पंच्याने झटकत असे. ते फार मोठ्याने बोलत. लहानपणी आम्हाला वाटे की मामा रागावले आहेत; पुढे कळले की यंत्रांच्या घरघरीत वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाला आपला आवाज किती चढला आहे हे उमगत नाही. गिरणीत त्यांची हातवाऱ्यांची एक भाषाच होती. दोन बोटे ओठांवर ठेवली की चहा, मनगटावर टिचकी मारली की पाळी संपायला किती वेळ आहे, आणि छातीवर हात फिरवला की साहेब येतो आहे. सणासुदीला घरी भावजींशी पैज लावून ते एकही शब्द न उच्चारता अख्खी गोष्ट सांगत, आणि आम्ही मुले हसून लोळत असू.

गिरणीचा भोंगा हे त्या भागाचे घड्याळ होते, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. शाळेचा डबा, दूध, पाणी भरणे हे सारे भोंग्याच्या हिशोबाने चाले. आज बागल चौकातून, राजारामपुरीतून किंवा कोटितीर्थाच्या बाजूने जाताना त्या भागाला सगळे ‘शाहू मिल’च म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेवढेच सांगावे लागते. माणसे रोज त्या नावाच्या थांब्यावर उतरतात आणि भिंतीच्या कडेकडेने आपापल्या कामाला जातात. भिंतीपलीकडे सुमारे सत्तावीस एकर जमीन आहे. शहराच्या पोटात, रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एवढी सलग मोकळी जागा दुसरी शोधून सापडणार नाही. हे वाक्य मी जिव्हाळ्याने लिहिते आहे. हेच वाक्य एखादा बिल्डर कोणत्या नजरेने वाचेल, याचीही मला कल्पना आहे.

ही गिरणी नफ्यासाठी पैसा गुंतवायला निघालेल्या शेटजींनी उभारलेली नव्हती, हे आपल्याला पाठ असते, पण त्यामागची सांगड पुष्कळदा नजरेतून निसटते. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. स्थानकाजवळच 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली गेली आणि गुळाचा व्यापार तिथे स्थिरावला. 1906 च्या 27 सप्टेंबरला गिरणीची पायाभरणी झाली. लगेच पुढे, 1908 च्या सुमारास राधानगरी गाव वसले आणि 1909 मध्ये भोगावतीवरच्या धरणाचे काम सुरू झाले. म्हणजे रेल्वे, बाजारपेठ, कारखाना आणि पाणी या चार गोष्टी दोन दशकांच्या आत एकामागोमाग मांडल्या गेल्या. त्याच काळात, 1904 मध्ये, शेजारच्या इचलकरंजी जहागिरीत घोरपडे सरकारांच्या पाठबळाने विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला होता. 1902 मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढणारा राजा आणि 1906 मध्ये सुताची गिरणी काढणारा राजा एकच आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे गिरणीचा अर्थ बदलतो. शिक्षणासाठी वसतिगृहे, नोकरीसाठी राखीव जागा, आणि ज्यांना शाळा लाभली नाही त्यांच्या हातांसाठी माग. शताब्दीच्या भाषणांत यातल्या पहिल्या दोन गोष्टी वारंवार ऐकू आल्या. तिसरी त्या शेडमध्येच उभी राहून ऐकली असती तर बरे झाले असते.

त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलताना गहिवरून जाण्यात मात्र धोका आहे, कारण गिरणी ही काही सुखाची जागा नव्हती. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून आतली हवा मुद्दाम दमट ठेवत. उन्हाळ्यात त्या दमट गरमीत माणूस बनियनवर उभा राहून आठ तास काढी. ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या सुतांना, कांजी लावण्याच्या खात्यात शिजलेल्या पिठाचा आंबूस वास आणि वाफ असे. तिथून आलेल्या माणसाच्या कपड्यांना तो वास धुतल्यावरही राही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या विकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्याचे एक विचित्र लक्षण असे, की सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती अधिक भरून येते आणि पुढे आठवडाभर हळूहळू सैल होत जाते. मामांची सुटीनंतरची पहिली पाळी वाईट जात असे. आई त्याला आळस म्हणायची, मामा त्याला हवा म्हणायचे. पुढे कितीतरी वर्षांनी एका लेखात मी हे लक्षण वाचले, तेव्हा मामा नव्हते. म्हणून गिरणीचे जतन करा असे म्हणणाऱ्या प्रत्येक सुंदर छायाचित्राकडे मी थोड्या संशयाने पाहते. ताशीव दगडी कमान, विटांची चिमणी, काचेतून झिरपणारा उजेड या गोष्टी फार देखण्या आहेत. पण त्या उजेडात जे तरंगताना दिसायचे, ते माणसांच्या छातीत जाऊन बसत होते.

2003 मध्ये गिरणी बंद झाली.

मुंबईतल्या गिरण्यांचे मरण सगळ्या देशाने पाहिले. कोल्हापूरच्या गिरणीचे मरण तालुक्याच्या बातमीएवढे होते. राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात असलेला तोट्यातला कारखाना बंद झाला, कामगारांचे हिशोब झाले, आणि ज्यांची उमेद होती ते इचलकरंजीला, उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत कामाला लागले. मामांच्या बरोबरीचे एक गृहस्थ मंगल कार्यालयाच्या दारात रात्रपाळीचे रखवालदार झाले. ‘पाळी सुटली नाही बघा,’ असे ते हसून सांगत. आतमध्ये झाडोरा वाढला. छपराच्या पन्हळींतून पिंपळ फुटले. नंतर अनेक पावसाळे त्या भिंतीने आपल्याला आतले काही दिसू दिले नाही, आणि आपणही डोकावण्याचा फारसा आग्रह धरला नाही.

मुंबईत काय झाले, ते आठवले की कोल्हापूरची ही दिरंगाई मला चक्क भाग्याची वाटू लागते. गिरणगावात सुमारे सहाशे एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिचे तीन वाटे सांगितले होते. एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाकडे. 2001 मध्ये नियमात एक दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, ज्यावर बांधकाम उभे आहे ती जमीन वाटणीत धरायची नाही, असा अर्थ निघाला. गिरणीची जमीन म्हणजे जवळजवळ सगळी बांधकामाखालचीच. त्यामुळे वाटण्यासाठी उरले फारच थोडे. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हे अडवले, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो निकाल फिरवून दुरुस्ती मान्य केली. एका दुरुस्तीने शहराची बागांची आणि घरांची स्वप्ने अशी विरली. एखाद्या शहराने आपल्या जुन्या औद्योगिक जागेचे काय करायचे हा प्रश्न मुळात वास्तुशास्त्राचा नसतो, तो जमिनीच्या उताऱ्याचा आणि नियमातल्या एका ओळीचा असतो, हे गिरणगावाने दाखवले. फिनिक्स मिलमध्ये आज जो मॉल आहे, त्याच्या अंगणात चिमणी अजून उभी आहे. तिच्या पायथ्याशी मुले फोटो काढतात. मी तिथे कॉफी प्यायले आहे आणि ती चांगली होती, हेही सांगायला हवे. काचेच्या भिंतीपलीकडे चिमणी दिसेल अशी खुर्ची मी निवडली होती, म्हणजे त्या सजावटीची गिऱ्हाईक मीही झालेच.

कोल्हापुरात जमीन सरकारी ताब्यात असल्यामुळे आणि नाव शाहू महाराजांचे असल्यामुळे तसे झाले नाही. मध्यंतरी तिथे गारमेंट पार्क उभारण्याची कल्पना निघाली होती. शहराला ती रुचली नाही, आणि त्या जागी महाराजांचे भव्य स्मारक व्हावे ही मागणी जोर धरत गेली. सरकारने ती मान्यही केली. त्यानंतर आराखडे, सादरीकरणे, आकडे आणि घोषणा असा तो प्रवास चालू आहे. या मागणीला विरोध करणे कोल्हापुरात सोपे नाही, आणि मला तसा विरोध करायचाही नाही. जुन्या जयप्रभा चित्रपट स्टुडिओच्या जागेसाठी रस्त्यावर उतरणारे हे शहर आहे. जमिनीचा तुकडा हातचा जाऊ नये म्हणून स्मारकाची मागणी ही एक ढाल असते, हे मी समजते. पुतळ्यावर बुलडोझर चालवायला कुणी धजत नाही. पण ढाल म्हणून हाती घेतलेल्या गोष्टीचाच पुढे घरभर पसारा व्हावा, तसे या मागणीचे होते आहे की काय, अशी शंका मात्र येते.

कारण महाराजांची स्मारके कोल्हापुरात कमी नाहीत. दसरा चौकात पुतळा आहे आणि त्याच चौकात शाहू स्मारक भवन आहे, जिथे आठवड्यातून दोन-तीन तरी व्याख्याने आणि चित्रप्रदर्शने चालू असतात. कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात जन्मस्थळ आहे. नर्सरी बागेत समाधिस्थळ आहे. रेल्वे टर्मिनसला त्यांचे नाव आहे. या प्रत्येक ठिकाणी जाऊन हात जोडता येतात. मिलच्या सत्तावीस एकरांत जर पुन्हा पुतळा, कारंजी, ध्वनिप्रकाशाचा खेळ, हिरवळ आणि पार्किंग एवढेच होणार असेल, तर ज्या एकमेव जागेत महाराजांचे स्मरण काम करून करता आले असते, तीही आपण हात जोडण्याच्याच जागांत जमा करू. ज्या माणसाने इथे यंत्रे बसवली, त्याच्या सन्मानासाठी यंत्रांच्या उरल्यासुरल्या खुणा ग्राइंडरने कापायच्या, हा व्यवहार मला काही केल्या पटत नाही.

हा प्रश्न कोल्हापूरपुरता नाही. मुंबईत दादरला चैत्यभूमीच्या शेजारी इंदू मिलची सुमारे बारा एकर जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी दिली गेली आणि 2015 मध्ये तिथे भूमिपूजन झाले. पुतळ्याची उंची साडेतीनशे फूट, खाली शंभर फुटांचा चौथरा. म्हणजे महाराष्ट्रातल्या दोन कापड गिरण्यांच्या जागा अशा दोन माणसांच्या नावे झाल्या, जी 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत एका मंचावर बसली होती. हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो, आणि तो अर्थ शोधायला उंचीपेक्षा साळखात्यात डोकावणे अधिक उपयोगाचे आहे. साळखाते म्हणजे कापड विणण्याचा विभाग. जुन्या मागांवर धोटा चाले. नावेच्या आकाराचा, दोन्ही टोकांना धातूचे टोपण बसवलेला, पोटात सुताची कांडी ठेवलेला लाकडी धोटा. कांडी संपली की विणकर नवी घाली आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढी. त्यासाठी सुई किंवा आकडा न वापरता भोकाला ओठ लावून झटक्याने श्वास आत घ्यायचा, की सूत बाहेर येते. पाळीभरात हे किती वेळा होत असेल, याचा हिशोब कुणी ठेवत नसे; धूळ आणि तंतू मात्र प्रत्येक वेळी तोंडात जात. आणि एकाच धोट्याला पाळीपाळीने वेगवेगळ्या माणसांचे ओठ लागत.

एवढ्याशा कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साळखात्यात प्रवेश नव्हता. उष्ट्या धोट्याचा विटाळ. विणकरांचा पगार सूतखात्यापेक्षा जास्त, म्हणजे जात थेट पगाराच्या पाकिटात मोजली जात होती. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता, की कामगारांच्या एकजुटीत आमच्या माणसांना साळखात्याचे दार उघडणार की नाही. इकडे कोल्हापुरात त्याआधी अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून देऊन शाहू महाराज स्वतः तिथे चहा प्यायला थांबत असत. एकीकडे चहाचा कप, दुसरीकडे धोट्याचे भोक. दोन्ही ठिकाणी प्रश्न ओठांचाच होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून दाखवणारी जागा महाराष्ट्रात कुठे असायला हवी, तर ती गिरणीत. आणि ती काचेच्या पेटीतल्या धोट्याने होणार नाही. चालू मागाशेजारी उभे राहून, तो कानठळ्या बसवणारा खडखडाट अंगावर घेत, शाळेतल्या मुलीने धोटा हातात घेऊन ते भोक पाहिले पाहिजे. मग तिला जात म्हणजे काय हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

मुंबईत महापालिकेने काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे, ही चांगली गोष्ट आहे. कोल्हापुरात मात्र संग्रहालयाच्याही पुढे जाता येईल असे मला वाटते, कारण इथे अजून ते हात आहेत. तीस किलोमीटरवर इचलकरंजी आहे. तिथे साधे माग भंगारात निघत आहेत आणि त्यांच्या जागी बिनधोट्याचे वेगवान माग येत आहेत. साध्या मागाची नस ओळखणारे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, त्या गावात आहेत आणि ते म्हातारे होत आहेत. मिलच्या जवळच उद्यमनगर आहे, जिथे कोणताही सुटा भाग समोर ठेवला की संध्याकाळपर्यंत त्याची हुबेहूब जोड तयार होते. यंत्रांचे नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री यांची परंपरा सांगणाऱ्या या शहराला चार माग चालू अवस्थेत ठेवणे जड जाणार नाही. गिरण्यांच्या शेडची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असतात आणि त्यांच्या काचा उत्तरेला तोंड करून बसवलेल्या असतात, ज्यामुळे दिवसभर सावलीचा, सारखा उजेड आत येतो आणि उन्हाची तिरीप सुतावर पडत नाही. असा उजेड चित्रकाराला हवा असतो, शिवणकाम करणाऱ्याला हवा असतो, चप्पल बांधणाऱ्याला हवा असतो. कृतज्ञता पर्वात तिथे कोल्हापुरी चपलांचे प्रदर्शन लागले, तेव्हा ती जागा अचानक खुलून दिसली, ती रोषणाईमुळे नव्हे. चामड्याला टाके घालणारे एक आजोबा दिव्याखालची मांडणी सोडून काचेखाली येऊन बसले होते. त्यांना कुणी वास्तुरचना शिकवली नव्हती.

मामेभावाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, तुझं सगळं खरं, पण पोरं येतील का? त्यांना मिलमध्ये काम नको असतं, मिलमध्ये इव्हेंट हवा असतो.’ तो एका खासगी बँकेत आहे आणि मामांच्या खोकल्याचा आवाज त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवतो. त्याचे म्हणणे असे, की ज्या जागेने वडिलांची छाती खाल्ली त्या जागेवर बाग झाली तर त्याला आनंदच होईल. निदान कुणीतरी तिथे मोकळा श्वास घेईल. याचे उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हते. आता विचार करताना वाटते, की बाग आणि माग यांत भांडण लावायचे कारण नाही, सत्तावीस एकरांत दोन्ही मावतात. या शहराला तसा अनुभवही आहे. रंकाळा ही मूळची दगडाची खाण होती असे सांगतात. इथल्या देवळांना दगड तिथून गेला, आणि खाणीचा खड्डा पाण्याने भरला. आज सकाळी फिरायला जाणाऱ्या हजार माणसांपैकी एकालाही आपण एका बंद पडलेल्या उद्योगाच्या कडेने चालतो आहोत असे वाटत नाही. मामेभावाला हवी ती बाग बहुधा अशीच, सगळे विसरून गेल्यावर होणारी. रंकाळ्यातल्या पाथरवटांची नावे कुणाला आठवत नाहीत याचे वाईट वाटून घ्यायला फार उशीर झाला आहे. मिलच्या विणकरांच्या बाबतीत तेवढा उशीर झालेला नाही. त्यातले काही जण अजून राजारामपुरीच्या गल्ल्यांत, यादवनगरात, जवाहरनगरात पारावर बसलेले सापडतात, आणि कोणत्या खांबाशेजारी कोणते यंत्र होते हे खांबाकडे बोट दाखवून सांगू शकतात.

म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर पुतळ्याच्या उंचीऐवजी मला दुसराच एक कागद हवा आहे. प्रत्येक शेडचा जमिनीचा नकाशा, त्यात प्रत्येक बोल्टची जागा, आणि त्या जागेवर कोणते यंत्र होते व कोण उभे राहत होते याची नोंद. हे काम वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयातले विद्यार्थी आणि निवृत्त कामगार एका उन्हाळ्याच्या सुटीत करू शकतील. त्याला निविदा लागत नाही. ते झाल्यावर बोल्ट कुठे ठेवायचे, कुठे झाकायचे आणि कुठे खरोखरच कापायचे, हे शांतपणे ठरवता येईल, कारण सगळेच ठेवता येणार नाहीत आणि म्हाताऱ्या बायकांना तिथे निर्धास्त चालताही आले पाहिजे. एक शेड मागांसाठी राखावी. तिथे पगारावर दोन जॉबर आणि चार शिकाऊ मुले-मुली असावीत, विणलेले कापड दारातच विकावे, आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून असावी, जी मामांच्या वाट्याला आली नव्हती.

यातला खरा अडथळा पैसा आहे, पण तो उभारणीचा नाही. उभारणीला आपल्याकडे कोटींचे आकडे सहज जाहीर होतात. पुतळा एकदा उभा केला की तो पगार मागत नाही. माग मात्र दर महिन्याला तेल मागतो, सुटे भाग मागतो, सूत मागतो, जॉबरचा पगार मागतो आणि विजेचे बिल भरावे लागते. ते महापालिकेने भरायचे, वस्त्रोद्योग खात्याने की सांस्कृतिक कार्य खात्याने, आणि अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखाली, एवढे एकदा लेखी ठरले तर बाकीच्या सभांना मी आनंदाने जाईन.